डाव्या हाताचा कॅमेरा

१७ ऑगस्ट

नवी वही सुरू करते आहे, म्हणून पहिल्यापासून लिहिते. अर्धवट लिहिलेलं नंतर मलाच कळत नाही.

आज जेवताना दादा म्हणाला, "जुन्या कॅमेऱ्याचं शटर आता भरवशाचं न्हाई राह्यलं. मिररलेस घेऊन टाकू. चौकशी तू कर, तुला इंग्रजी वाचता येतं."

तो भाकरी मोडत होता. उजव्या तळव्याने भाकरी ताटात दाबून धरतो आणि डाव्या हाताने तोडतो. माय कुस्करून द्यायला बघते, तो देऊ देत नाही.

वडीगोद्रीला हायवेच्या कडेला आमचा फोटो स्टुडिओ आहे. दादाने, म्हणजे कल्याणने, सातवीनंतर शाळा सोडली, अंबडच्या एका स्टुडिओत काम शिकला आणि हा काढला. मला मात्र शाळा सोडू दिली नाही. आमच्या घरात माझ्याआधी दहावीपर्यंत कुणी पोचलं नव्हतं. मी बी.ए. झाले. कॉलेज करून येऊन स्टुडिओच्या मागच्या खोलीत अल्बम जुळवायचे.

गेल्या वर्षी सोयाबीन काढताना गावातल्या भुजंगकाकांचा हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र, आला होता. ओलं काड आत अडकलं, दादाने ते हाताने लोटलं. उजव्या हाताची चार बोटं गेली. अंगठा राहिला. तेव्हापासून कॅमेरा हा शब्द त्याच्या तोंडून आज पहिल्यांदा आला. मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. नीट कळलं नाही. ताट धुतलं, ओटा पुसला, तेव्हा लक्षात आलं की मी ओटा दुसऱ्यांदा पुसते आहे.

उन्हाळ्यातली लग्नं मी काढली, दादाच्या ऐवजी. प्रत्येक ठिकाणी तसं सांगून काढली, कुणाचा गैरसमज नको.

ठरवलं आहे की कॅमेरा असा निवडायचा, जो दादाला डाव्या हाताने चालवता येईल. हे त्याला सांगणार नाही. सांगितलं तर तो चौकशीच बंद करील.

२० ऑगस्ट

जगात कुणीही डाव्या हाताचा कॅमेरा बनवत नाही. आधी वाटलं मला शोधता येत नसेल. मग इंग्रजीत वेगवेगळ्या शब्दांनी विचारून पाहिलं. नाहीच. पकडायची जागा उजवीकडे, बटण उजवीकडे, चाकं उजवीकडे. डावा हात फक्त लेन्सला खालून टेकू द्यायला.

एका परीक्षणात लिहिलं होतं की हा कॅमेरा हातात घेतला की हाताचाच भाग वाटतो. त्यापुढे वाचलं नाही.

तीन कॅमेरे निवडून ठेवले. नावं लांबलचक आहेत आणि मायला उच्चारता येत नाहीत, म्हणून आम्ही घरात वेगळी नावं पाडली. आपल्या जुन्या कंपनीचे दोन, मोठा आणि धाकटा. दुसऱ्या कंपनीचा एक, चपटा. चपटा सगळ्यांत हलका आहे, आणि त्याच्या लेन्स पुष्कळ मिळतात. पण आपल्या जुन्या लेन्स त्याला नीट चालणार नाहीत. मोठ्याला आणि धाकट्याला मध्ये एक जोडकडं लावलं की त्या चालतात. दादाच्या तीन लेन्स आहेत. लांबून काढायची जड, रोजची, आणि एक लहान, जिने तो तसबिरीचे फोटो काढायचा. त्या तिन्ही मी महिन्याला पुसून ठेवते. बुरशी धरू नये म्हणून डब्यात तांदूळ घातले आहेत. माय म्हणते, तुझ्या लेन्सा आमच्यापेक्षा बरा तांदूळ खातात.

पैशाचं दादाने आणि अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, आधीच ठरवलं आहे. ते मी विचारायचं नाही, असं मला सांगितलं.

२३ ऑगस्ट

आज जुना कॅमेरा डाव्या हातात उलटा धरून पाहिला.

उलटा म्हणजे खालची बाजू वर. मग उजवीकडची पकड डावीकडे येते आणि डाव्या हाताची बोटं तिच्यावर बरोबर बसतात. मला वाटलं होतं आतून सगळं जग उलटं दिसेल. तसं नाही. आकडे उलटे दिसतात, माणसं सरळ दिसतात. अंगणातला लिंब सरळ दिसला, दोरीवरची अण्णांची बंडी सरळ दिसली. फोटो मात्र कॉम्प्युटरवर घेतला की उलटा येतो. तो फिरवून घ्यावा लागतो, एवढंच.

अडचण बटणाची आहे. ते खाली जातं, करंगळीजवळ. करंगळीने दाबलं की कॅमेरा हलतो.

माय दारात उभी होती. म्हणाली, "हे काय करून राह्यलीस? कॅमेऱ्याचं वटवाघूळ केलंस का?"

मी म्हटलं, तपासते आहे. दादाला सांगू नको. ती म्हणाली, "मी काय सांगती बाई, मला कळलं तर सांगन."

२ सप्टेंबर

सकाळच्या एसटीने जालन्याला गेले. गजाननभाऊंच्या दुकानात. ते दादाचे जुने ओळखीचे. कॅमेरे विकतात आणि लग्नसराईत भाड्यानेही देतात. त्यांनी तिन्ही काढून काचेवर ठेवले.

मी मोठा उचलला आणि डाव्या हातात उलटा धरला. गजाननभाऊ थोडा वेळ बघत राहिले.

"ताई, उलटा धरलाय तुम्ही."

मी म्हटलं, माहीत आहे.

"नाही, आपल्याकडे लग्नं सरळ लागतात म्हणून म्हटलं."

मी कारण सांगितलं. मग ते हसले नाहीत. आत जाऊन एक जादा पकड घेऊन आले. ती मोठ्याच्या तळाला बसते, आत आणखी एक बॅटरी असते, आणि उभे फोटो काढण्यासाठी तिला वेगळं बटण असतं. ती लावली, कॅमेरा उलटा केला. ते बटण बरोबर डाव्या हाताच्या पहिल्या बोटाखाली आलं. मी पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. प्रत्येक वेळी तिथेच. धाकट्याला मिळणाऱ्या पकडीवर असं बटण नसतं, ती नुसती बॅटरीसाठी. चपट्याला तर पकडच नाही. म्हणजे प्रश्न सुटला. मी "बरं" म्हटलं.

तेवढ्यात दादाचा फोन आला.

"करंगळी कुठं राह्यती ते बघितलं का?"

मी विचारलं, कुणाची.

"तुझीच. आनखी कुणाची हाये तिथं?"

मग तिन्ही सरळ धरून पाहिले. चपट्यावर करंगळी खाली सुटते आणि हवेत राहते. मोठ्यावर बसते, पण बटणापर्यंत पहिलं बोट ताणावं लागतं. धाकट्यावर चारही बोटं बसतात आणि ताणावं लागत नाही. गजाननभाऊंची मुलगी कॉलेजातून येऊन काउंटरवर बसली होती, तिनेही धाकटा घेऊन पाहिला आणि म्हणाली, ताई, आपला हात एकाच मापाचा आहे. दादाला फोनवर हे सगळं सांगितलं, त्या मुलीचंही. त्याने एवढंच म्हटलं, "ताणायचं न्हाई. दिवसभरात मनगट जातं."

माझ्या हातावरून तो त्याच्या डाव्या हाताचा अंदाज घेत असावा. पण त्याचा पंजा माझ्यापेक्षा बराच मोठा आहे. हे त्याच्या लक्षात आलं नसेल.

परतीच्या एसटीत एमआयडीसीतून सुटलेले कामगार चढले. माझ्या शेजारच्या माणसाच्या हाताला भाजल्याचा डाग होता, रोलिंग मिलमधला असेल. मी अंबडपर्यंत त्याची बोटंच बघत आले.

३ सप्टेंबर

दादाला मोठ्याचे गुण सांगितले. जुन्या लेन्स चालतात, बॅटरी दुप्पट, पकड खोल. बटणाचं सांगितलं नाही.

तो म्हणाला, "वजनाला लई हाये. लेन्स कोन्ती घ्यावी म्हणती?"

मी म्हटलं, लेन्स तर आपल्याकडे आहेत.

"पस्तीसची एक लहान घ्यावी. नवी, जोडकडं न लागणारी."

हे मला कळलं नाही. पस्तीसची लेन्स जवळून काढायची. हळदीला बायका आतल्या खोलीत दाटीने बसतात, मागे सरकायला जागा नसते, तिथे ती कामाची. उन्हाळ्यात मी तिथे आत गेले होते आणि रोजच्या लेन्सने कुणाची ना कुणाची डोकी तुटत होती, हे मीच त्याला सांगितलं होतं. पण दादा बायकांच्या खोलीत कधी जातच नाही. उंबऱ्याबाहेर उभा राहून लांबच्या लेन्सने काढतो. त्याला पस्तीस कशाला?

विचारलं. म्हणाला, असू दे.

११ सप्टेंबर

पितृपंधरवडा चालू आहे, काम नाही.

नुसतं दुकानात थोडा वेळ उलटा धरून निर्णय घेणं बरोबर नाही, असं वाटत राहिलं. दिवसभर तसं राहून पाहायला हवं. मायच्या जुन्या लुगड्याची पट्टी घेतली आणि उजव्या हाताची चार बोटं दुमडून तळव्याशी बांधली. अंगठा मोकळा ठेवला.

केर काढता आला. पाणी भरता आलं. वेणी घालता आली नाही. फोन डाव्या हाताने चालतो. जुन्या कॅमेऱ्याची लेन्स बदलताना कॅमेरा मांडीत धरावा लागतो. बॅगेची चेन लागते, पण बॅग गुडघ्याखाली दाबून. कार्ड काढायचं तर नख लागतं, ते डाव्या हाताचं चालतं.

दुपारनंतर बोटांना मुंग्या आल्या. मग मुंग्याही गेल्या. हात आहे पण कुणा दुसऱ्याचा आहे असं वाटलं. वाईट वाटलं असं नाही. काहीच वाटलं नाही. फक्त त्या हाताकडे लक्ष जात राहिलं.

चहाच्या वेळी मायने पाहिलं. ती माझ्यापुढे बसली आणि गाठ सोडायला लागली. गाठ घट्ट बसली होती, तिने दातांनी सोडवली. बोटं पांढरी पडली होती. ती एकेक बोट चोळत राहिली.

म्हणाली, "आसं करू न्हाई, शाले. घरात एक पुरे."

दादा बाहेर ओट्यावर बसला होता. त्याने पाहिलं की नाही ते माहीत नाही.

२६ सप्टेंबर

बदनापूरला डोहाळजेवण होतं. मोठा कॅमेरा जादा पकडीसह गजाननभाऊंकडून भाड्याने घेतला होता. दादाही आला. आल्यापासून बाहेर मांडवात पुरुषांमध्ये खुर्ची टाकून बसला, मी आत.

काम झालं. कॅमेरा परत द्यायला जालन्याला जायचं होतं. गाडीला वेळ होता म्हणून बदनापूर स्टेशनवर बाकावर बसलो. दादा म्हणाला, "ओटी भरताना उशिरा दाबलंस."

मी विचारलं, तुला कसं कळलं. तो तर बाहेर होता.

"गाणं थांबलं, बांगड्या वाजल्या, मंग तुझं शटर. आधी पाह्यजे व्हतं." मग म्हणाला, "माझं बोट दाबतंय आजून. जागच्या जागी. न्हाई ते बोट."

तो आपल्या मांडीकडे बघत होता. मी पाण्याची बाटली काढून दिली.

मग मी ठरवलं की आता सांगायला हरकत नाही. कॅमेरा काढला, उलटा केला, त्याच्या डाव्या हातात दिला आणि बटण कुठे आहे ते दाखवलं. त्याने डोळ्याला लावला. फलाटावर एक म्हातारी गाठोड्यावर बसून पेरू खात होती.

"आकडे उलटे दिसतील," मी म्हटलं.

"मानसं सरळ हायेत ना."

त्याने दाबलं. एकच. पडद्यावर पाहिलं. म्हातारी पेरूचा घास घेताना बरोबर सापडली होती. त्याचे फोटो पूर्वी असायचे तसाच होता.

"जमतंय," तो म्हणाला. "लई डोकं लावलंस तू."

आणि कॅमेरा मला परत दिला. देताना माझं मनगट धरलं, वळवून पाहिलं. आतल्या बाजूने सुजलं होतं.

"दुखतंय?"

मी नाही म्हटलं. सवय नाही म्हणून सुजलं असेल.

त्याला जमतं. हे दोनदा लिहावं असं वाटतं. त्याला जमतं.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी

दरवर्षीप्रमाणे मायने पाट मांडला. विळा, खुरपी, अण्णांचा पाना, कॉम्प्युटरचा माऊस, जुना कॅमेरा. लेन्समध्ये कुंकू जाऊ नये म्हणून मी कॅमेऱ्याला आधी झाकण लावलं आणि कडेने कागद गुंडाळला. कॅमेऱ्याला कुंकू दरवर्षी दादा लावतो. यंदा म्हणाला, "शाला लावंल." मी लावलं. आज हत्यारं वापरायची नसतात, म्हणून दिवसभर सगळं पाटावरच होतं.

दुपारी भुजंगकाका आले. वर्षभरात पहिल्यांदा घरात आले. आमचा रस्ता त्यांच्या वाड्यासमोरून आहे, तिथे हडंबा धुऊन उभा केलेला मी सकाळीच पाहिला होता. त्याला झेंडूची माळ होती. हत्यार आहे ते त्यांचं.

काका खाटेच्या कडेवर बसले. अण्णा समोर. दोघेही पावसाबद्दल बोलले. मायने चहा दिला, तो त्यांनी बशीत ओतला आणि तसाच ठेवला. मग म्हणाले, वंदनाचं लग्न धरलंय, तुळशीच्या लग्नानंतर. वंदना त्यांची मुलगी, माझ्या पुढे एक वर्ष होती शाळेत. दादाने तिला लहानपणापासून कबूल केलं होतं की तुझं लग्न मीच काढीन.

काकांनी रुमालातून नारळ आणि सुपारी काढली. आमच्याकडे बँडवाला असो, आचारी असो की फोटोवाला, सुपारी उजव्या हातात दिली की काम ठरलं. हे सगळं सवयीने झालं असणार. ते म्हणाले, "कल्याण, हात पुढं कर," आणि मग त्यांचाच हात मध्येच राहिला.



"डावा चालतो रे बाबा," काका म्हणाले. "आता आपल्यात काय राह्यलं."

दादा म्हणाला, "शुभाचं काम हाये, काका. शालाच्या हातात द्या."

काकांनी अण्णांकडे पाहिलं. अण्णा जमिनीकडे बघत होते. मी हात पुढे केला आणि म्हटलं, दादाच्या वतीने घेते.

"वतीनं-बितीनं न्हाई," दादा म्हणाला. "घे."

काकांना अवघड वाटू नये म्हणून त्याने तसं म्हटलं असावं. सुपारी देव्हाऱ्यात ठेवली. वंदनाचं लग्न दादानेच काढायचं, मोठ्याने, उलटा धरून. दीड महिना आहे. हात बसेल.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दादा आणि अण्णा कॅमेरा आणायला जालन्याला गेले. मला येऊ नको म्हणाला, दिवाळीचे फोटो काढायला लोक येतील, दुकान बंद नको. मी चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहून दिलं. मोठा, जादा पकड, जोडकडं. त्याने वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं.

दिवेलागणीला आले. मायने खोक्यावर हळदीकुंकू वाहिलं. मी खोकं उघडलं. धाकटा होता. जोडकडं होतं. आणि पस्तीसची लेन्स.

मी नाव पुन्हा वाचलं. मग विचारलं, चिठ्ठी हरवली का.

"न्हाई. खिशात हाये."

"मोठा नव्हता?"

"व्हता की."

मी खोक्यातला कागद नीट घडी घालून ठेवला. माय म्हणाली, "धाकटीला धाकटा. बराबर हाये." अण्णा हसले. घरात हसण्याचा आवाज झाला, म्हणून मीही हसले.

धाकट्याला ते बटण नाही. उलटा धरला की नेहमीचं बटण करंगळीखाली जातं आणि कॅमेरा हलतो. हे मी ऑगस्टमध्येच पाहिलं होतं. याचा अर्थ दादा आता कधीच काढणार नाही. मी बदनापूरला त्याला घाईत दाखवलं, नीट पटवून दिलं नाही. चौकशी माझ्याकडे होती.

पणत्या लावल्या. त्यातली एक दोनदा विझली, तिसऱ्यांदा लावली नाही.

१९ ऑक्टोबर

दादा शेतात गेल्यावर गजाननभाऊंना फोन केला. म्हटलं, चुकून दुसराच आला आहे, खोकं खराब केलेलं नाही, बदलून मिळेल का.

ते म्हणाले, "ताई, चुकून कसा येईल? कल्याणने माझी सगळी दुपार खाल्ली काल. तिन्ही कॅमेरे आमच्या पोरीच्या हातात देऊन पाहिले. हे धर, ते धर. बोट पोचतं का, करंगळी कुठं राहते. म्हणाला, शालाचा हात एवढाच आहे."

मी समोरच्या खोक्यावरचं नाव पुन्हा वाचलं.

"हॅलो? आणि शटरचा आवाज मुद्दाम चालू करून घेतलाय त्याने. हा त्या भाड्याच्या मोठ्यासारखा वाजत नाही, मुका असतो ना. म्हणाला, मला बाहेर बसून ऐकू आलं पाहिजे."

मी ठीक आहे म्हटलं आणि फोन ठेवला.

कॅमेरा खोक्यातून पुन्हा काढला. काल लक्षात आलं नव्हतं, पट्टा लावलेला होता. बकलातून तो ओवायला दोन हात लागतात. पट्ट्याच्या टोकाला दातांच्या खुणा आहेत.

गळ्यात घातला. कॅमेरा माझ्या पोटाशी आला, हात आपोआप जातो तिथे. दादाच्या गळ्यात तो छातीवरच अडकला असता.

लांबी बदलली नाही. सरळ धरून मायचा एक फोटो काढला, ती भांडी घासत होती. आवाज झाला. ती वर न बघता म्हणाली, "मोरीतला कशाला काढती."

२३ नोव्हेंबर

वंदनाचं लग्न झालं. थोडक्यात लिहिते, पाय दुखतात.

हळदीला आत गेले. पस्तीसने कुणाचंच डोकं तुटलं नाही. मांडवात दादा माझ्या डाव्या बाजूला डाव्या हातात लाइट धरून उभा होता. पाहुण्यांपैकी एकाने विचारलं, आसिस्टंट का. दादा म्हणाला, "हो, नवाच लागलोय." मला ते दुरुस्त करायचं होतं, पण नवरदेव आला.

मंगलाष्टकांच्या वेळी लाइट जरा हलला. वळून पाहिलं तर तो वंदनाच्या मावसभावाच्या, पप्पूच्या हातात होता. दादा जवळ नव्हता. मग अंतरपाट सरकायची वेळ झाली आणि मी पुढे बघितलं. या वेळी वाट पाहिली नाही. अंतरपाटाची कड खाली येताना वंदनाचा एकच डोळा दिसतो आहे, तेव्हाच दाबलं.

भुजंगकाका मुलीला निरोप देताना दादाजवळ आले आणि त्याचा उजवा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले. तो फोटो मी काढला नाही. काढायला हवा होता की नको, अजून ठरत नाही.

२६ नोव्हेंबर

कार्डं रिकामी केली. नव्याचं झालं, मग बॅग आवरताना जुना कॅमेरा उघडून पाहिला. तो आम्ही नुसता जादा म्हणून नेला होता. त्यातही कार्ड होतं.

सुरुवातीचे काही फोटो पूर्ण काळे, त्याचं शटर अडकतं तसे. मग काही हललेले, नुसत्या रेघा. शेवटचा एक आला आहे.

तो स्क्रीनवर उलटा होता. मांडवाचं छत खाली, माणसं वरून लोंबणारी. फिरवला.

मी आहे. अंतरपाटाच्या बाजूला, डोळ्याला कॅमेरा लावून. केस सुटले आहेत आणि तोंड उघडं आहे, मला माहीत नव्हतं मी तोंड उघडं ठेवते. मागे सगळे अक्षता टाकताहेत, तांदळाचे दाणे हवेत थांबले आहेत. लांबच्या लेन्सने काढला आहे, उंबऱ्याबाहेरून काढतात तसा. जरासा हललाही आहे, करंगळीने दाबल्यावर हलतो तेवढा.

पण माझा उजवा हात स्पष्ट आला आहे. पहिलं बोट बटणावर आहे, ताणलेलं नाही. करंगळी कॅमेऱ्यावरच आहे.